मासेमारी बंदीचा नियम एआयला शिकवताना: बंधन, मनाई आणि परवानगी

गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची मनाई असते. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट मिळते. मच्छीमारांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा एआय मदतनीस बनवायचा असेल, तर एवढा नियमही नीट मांडावा लागतो.

आधी 'काय घडते' आणि 'काय घडायला हवे' ही खाती वेगळी करा. 'जुलैत ट्रॉलर (इंजिनाची मासेमारी होडी) समुद्रात नसतो' असे लिहिले आणि एखादा ट्रॉलर खरोखरच गेला, की विसंगती येते. नियमाची गरज असते तेव्हाच प्रणाली कोलमडते. म्हणून नियमातून फक्त 'मनाई(मासेमारी, ट्रॉलर)' हे विधान निघू द्या. मनाई आहे आणि कृतीही घडली, तर 'उल्लंघन' हा निष्कर्ष वेगळा काढा.

तत्त्वज्ञ फॉन राइट यांनी 1951 मध्ये बंधन आणि परवानगी यांचे आधुनिक तर्कशास्त्र मांडले. मनाई म्हणजे न करण्याचे बंधन, आणि मनाई नसली की परवानगी. यातला दुसरा भाग जपून वापरा. नियमच सापडला नाही म्हणून मिळालेली मुभा आणि आदेशात स्पष्ट लिहिलेली सूट यांना वेगवेगळी नावे द्या. क्लिंगो या नियमांवरून निष्कर्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉट' म्हणजे 'सिद्ध झाले नाही', तर वजाचे चिन्ह म्हणजे 'नाही असे सिद्ध झाले'. इथे गल्लत झाली, तर एक नियम भरायचा राहिल्यावर मदतनीस ट्रॉलरलाही खुशाल 'जा' म्हणेल.

सूट मुख्य नियमाच्या अटींत कोंबू नका. 'नियम 1: बंदीकाळात होड्यांना मनाई', 'नियम 2: बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला परवानगी', आणि 'नियम 2 हा नियम 1 पेक्षा वरचढ' अशा तीन वेगळ्या नोंदी करा. नवा आदेश आला की एक ओळ वाढवून भागते.

सर्वांत अवघड जागा म्हणजे मोडलेल्या नियमानंतरचे कर्तव्य. समजा, नियम असे आहेत: ट्रॉलरने जाऊ नये, न जाणाऱ्याने 'गेलो' असे कळवू नये, गेलाच तर कळवावे. ट्रॉलर गेला. साध्या बंधन-तर्कात 'कळवावे' आणि 'कळवू नये' अशी दोन्ही उत्तरे निघतात. हा पेच तत्त्वज्ञ रॉडरिक चिझम यांनी 1963 मध्ये दाखवला. उपाय असा की बंधन नेहमी परिस्थितीसह लिहायचे: 'बंधन(कळवणे, गेल्यास)'. ती परिस्थिती प्रत्यक्षात असेल तरच ते लागू करा. मूळ मनाई पुसू नका, उल्लंघन नोंदवलेले राहू द्या.

लँग्वेज मॉडेलकडे फक्त प्रश्नातून तारीख, होडीचा प्रकार आणि कृती वेचण्याचे काम द्या. निर्णय नियमांनी द्यावा आणि कोणता नियम लागला तेही उत्तरात दिसावे.

चाचणीसाठी 31 मे, 1 जून, 31 जुलै आणि 1 ऑगस्ट या तारखा ट्रॉलर आणि वल्ह्याची होडी या दोन्हींसाठी तपासा. ही आठ प्रकरणे झाली. नववे प्रकरण म्हणजे 'माझी होडी', प्रकार न सांगता. तिथे उत्तर न देता मदतनीसाने आधी इंजिन आहे का, हे विचारले पाहिजे.