जर्मनीत डॉक्टर कसा शोधावा: हाउसआर्ट्स्टपासून स्पेशालिस्टपर्यंत

पुण्यात किंवा नाशकात गुडघा दुखायला लागला की आपण कुणाला तरी फोन लावतो, "चांगला ऑर्थोपेडिक कोण आहे रे?" आणि संध्याकाळी त्याच्या ओपीडीत जाऊन बसतो. तासाभराने नंबर लागतो, शेजारीच एक्स-रे निघतो आणि रात्रीच्या जेवणाआधी गोळ्या हातात असतात. जर्मनीत असं होत नाही. त्वचेच्या किंवा सांध्यांच्या डॉक्टरला फोन केला तर तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते, नाहीतर "आम्ही नवीन पेशंट घेत नाही" असं सांगून फोन ठेवला जातो. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "इथली मेडिकल सिस्टीम बेकार आहे" असा मेसेज पडतो.

सिस्टीम बेकार नाही, पण ती फॅमिली डॉक्टरभोवती बांधलेली आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळातला, घरातल्या सगळ्यांची नाडी माहीत असलेला डॉक्टर आठवा. इथे तो अजून आहे आणि त्याला हाउसआर्ट्स्ट म्हणतात. तो ठरलेला असेल तर पुढची बरीच दारं उघडतात. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीच्या करारात तर "आधी हाउसआर्ट्स्ट, मग स्पेशालिस्ट" हा क्रम सर्वांसाठी पक्का करण्याचा मनोदयच लिहिला आहे.

पायरी १: आपला विमा कोणता, ते नीट समजून घ्या

जर्मनीत राहणाऱ्याला आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरदारांपैकी बहुतेक जण गेझेट्सलिश, म्हणजे सार्वजनिक विम्यात असतात. टीके, एओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं. ठरावीक वार्षिक पगाराच्या वर (२०२५ साली ही मर्यादा ७३,८०० युरो होती) खासगी विमा घेता येतो. खासगीवाल्यांना तारखा लवकर मिळतात हे उघड गुपित आहे. अपॉइंटमेंट घेताना पहिला प्रश्नच "गेझेट्सलिश की प्रिवाट?" हा असतो, आणि त्याचा राग येणं साहजिक आहे. तरी केवळ तारखांसाठी पंचविशीत खासगी विमा घेऊ नका. तिथे बायको-मुलांचा हप्ता वेगळा भरावा लागतो, वयाबरोबर रक्कम चढत जाते आणि परत सार्वजनिक विम्यात येणं फार अवघड असतं.

सार्वजनिक विम्याचं फोटो असलेलं कार्ड नेहमी पाकिटात ठेवा. दवाखान्यात ते दर तिमाहीला एकदा मशीनमध्ये घालतात. जानेवारी २०२४ पासून औषधाची चिठ्ठीही याच कार्डावरून निघते: डॉक्टर संगणकावर लिहितो, तुम्ही औषधाच्या दुकानात कार्ड देता. प्रत्येक औषधामागे साधारण ५ ते १० युरो आपल्या खिशातून जातात. चिठ्ठी २८ दिवस चालते.

पायरी २: ठणठणीत असतानाच हाउसआर्ट्स्ट गाठा

घरभाड्याचा करार आणि पत्त्याची नोंदणी झाली की तिसरं काम हेच. शोधायच्या जागा दोन: ११६११७ या सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळावरचा डॉक्टरशोध, आणि डॉक्टोलिबसारखं अ‍ॅप. दोन्हीकडे डॉक्टरला कोणती भाषा येते त्यानुसार यादी गाळता येते. पाटीवर "आल्गेमाइनमेडिट्सीन" किंवा "हाउसएर्ट्स्टलिश" असे शब्द असले की तो आपल्या कामाचा. गूगलवरच्या ताऱ्यांना फार भाव देऊ नका, ते बहुधा रिसेप्शनवरच्या बाईंच्या त्या दिवशीच्या मूडबद्दल असतात.

जुने, चांगले दवाखाने पुष्कळदा कुठल्याच अ‍ॅपवर नसतात. त्यांना सकाळी फोन करा, किंवा सरळ जाऊन उभे राहा. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. विचारायचं वाक्य: "नेमेन झी नोख नॉये पात्सिएन्टेन आउफ?" नवीन पेशंट घेता का, एवढंच. नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत जा, मोठ्या शहरात चार-पाच नकार सहज मिळतात.

आजारी नसताना काय कारण सांगायचं? वयाच्या पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी, आणि १८ ते ३४ या वयात एकदा, सार्वजनिक विम्यात मोफत चेकअप असतो. तो मागा. त्यामुळे तुमची फाइल उघडते, डॉक्टर तोंडओळखीचा होतो आणि पुढे त्याचा उपयोग होतो. डिसेंबर २०२३ पासून साध्या आजारासाठी पाच दिवसांपर्यंतचं आजारपणाचं प्रमाणपत्र फोनवरही मिळू शकतं, पण तुम्ही त्या दवाखान्याचे आधीपासूनचे पेशंट असाल तरच.

पायरी ३: एका पानाचा कागद तयार करा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. भारतातली जाडजूड फाइल इथे कुणी चाळत बसत नाही, डॉक्टरकडे जेमतेम काही मिनिटं असतात. एका ए-फोर पानावर जर्मनमध्ये (भाषांतराचं अ‍ॅप पुरतं) लिहा: जुने आजार, ऑपरेशनं आणि त्यांची वर्षं, अ‍ॅलर्जी, घरातले मधुमेह-हृदयविकार, आणि चालू औषधं. औषधांची कंपनीची नावं लिहू नका. क्रोसिन म्हटल्यावर इथल्या डॉक्टरला काही कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटल्यावर कळतं. मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. आयुर्वेदिक काही घेत असाल तर तेही लिहा, विशेषतः भस्म असलेली औषधं. त्यात शिसं किंवा पारा असू शकतो, आणि ते माहीत नसलेला डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टकडे पाहून भलत्याच दिशेला जाईल.

काही गोष्टी अशा आहेत की भारतातल्या डॉक्टरला त्या न सांगता कळतात, इथल्याला कळतीलच असं नाही.

पहिली, बीसीजी. लहानपणी ही लस घेतलेल्यांची क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात नोकरी लागताना ही तपासणी होते. अशा वेळी बीसीजी घेतली आहे हे सांगून रक्तातली इग्रा चाचणी करता येईल का, असं विचारा.

दुसरी, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष. भारतात अनेक समाजांत तो असतो आणि त्याचा त्रासही जाणवत नाही. पण रक्तपेशी लहान दिसल्या की लोहाची कमतरता समजून गोळ्या सुरू होऊ शकतात. घरात कुणाला असेल तर सांगा, आणि गोळ्यांआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. गरोदरपणात तर हे सांगायलाच हवं.

तिसरी, वजन. आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. जर्मन तक्त्यात २४ "नॉर्मल" असतो. आई-वडिलांना मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासायला सांगायला लाजू नका. शाकाहारी असाल तर बी१२सुद्धा.

चौथी, प्रवास. भारतातून परतल्यावर ताप आला तर पहिल्या वाक्यातच सांगा की मी नुकताच भारतातून आलो. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू हे इथल्या डॉक्टरच्या डोक्यात आपणहून येतीलच असं नाही, आणि मलेरियात वाट बघत बसणं धोक्याचं असतं. या आजारांसाठी हाम्बुर्गचं बर्नहार्ड नोख्ट इन्स्टिट्यूट, बर्लिनचं शारिटे आणि म्युनिकच्या विद्यापीठाची उष्णकटिबंधीय आजारांची शाखा ही जाणकार ठिकाणं आहेत.

पायरी ४: दुखणं कमी करून सांगू नका

आपण डॉक्टरांसमोर बसलो की "थोडं दुखतंय" म्हणतो. इथला डॉक्टर ते शब्दशः घेतो आणि गरम चहा, आराम, आठ दिवसांनी बघू, असं सांगून पाठवतो. (सर्दी-खोकल्याला हाच सल्ला योग्य असतो. अँटिबायोटिक मिळालं नाही म्हणून डॉक्टर वाईट ठरत नाही.) पण खरंच त्रास असेल तर मोजून सांगा: दहापैकी किती दुखतं, किती दिवसांपासून, रात्री झोपमोड होते का, जिना चढता येतो का. मग विचारा, "तुम्हाला कशाची शंका वाटते आणि काय नाही याची खात्री करायला हवी?" या प्रश्नावर बहुतेक जर्मन डॉक्टर मोकळेपणाने बोलतात. दुभाष्याचा खर्च विमा साधारणपणे देत नाही, म्हणून भाषा कच्ची असेल तर जर्मन येणारं माणूस बरोबर न्या. नाजूक विषय असेल तर ते माणूस ऑफिसातलं नसलेलं बरं.

स्पेशालिस्टकडे जायचं असेल तर यूबरवायझुंग, म्हणजे संदर्भचिठ्ठी मागा. कायद्याने बऱ्याच स्पेशालिस्टांकडे चिठ्ठीशिवायही जाता येतं. एमआरआय, सीटीसारख्या रेडिओलॉजीला मात्र ती लागतेच. स्त्रीरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर आणि मुलांचे डॉक्टर यांच्याकडे सरळ जा.

पायरी ५: तारीख मिळवा

चिठ्ठी घेताना विचारा, "हे तातडीचं आहे का?" डॉक्टर हो म्हणाला तर तिच्यावर एक कोड छापून मागा. तो कोड ११६११७ च्या संकेतस्थळावर किंवा फोनवर दिला की ही सेवा तुमच्यासाठी स्पेशालिस्टची वेळ शोधते, आणि ती साधारण चार आठवड्यांच्या आतली असावी असा नियम आहे. डॉक्टर निवडता येत नाही, कधी ट्रेनने तासभर जावं लागतं. मानसोपचारातल्या पहिल्या भेटीसाठी चिठ्ठीही लागत नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे हाउसआर्ट्स्टनेच फोन करणं. २०१९ च्या कायद्यानंतर अशा पेशंटसाठी स्पेशालिस्टला जास्त पैसे मिळतात, त्यामुळे "आमच्या डॉक्टरांनी पाठवलंय" याला वजन आहे. तिसरा मार्ग तुमची क्रांकेनकासे, म्हणजे विमा कंपनी. बऱ्याच कंपन्यांची अपॉइंटमेंट शोधून देणारी सेवा असते, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे जण ती वापरतात. घेतलेली वेळ जमत नसेल तर २४ तास आधी रद्द करा, नाहीतर बिल येऊ शकतं.

स्पेशालिस्टकडे गेल्यावर काही तपासण्या स्वतःच्या खर्चाने सुचवल्या जातात. डोळ्यांचा दाब मोजणं हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. सही करण्याआधी किंमत विचारा, गरज विचारा. नाही म्हणण्याचा हक्क आहे आणि नाही म्हटल्याने बाकीचे उपचार थांबत नाहीत.

पायरी ६: रात्री-बेरात्री

छातीत दुखणं, श्वास न पुरणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, शुद्ध हरपणं: अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ११२. विचार करत बसू नका, टॅक्सीही शोधू नका. ताप, उलट्या, कानदुखी असं सकाळपर्यंत थांबवत नाही पण जीवावरचंही नाही, तर ११६११७. हा फोन चोवीस तास चालतो आणि जवळचा रात्रपाळीचा दवाखाना सांगतो. हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, म्हणजे इमर्जन्सीत, सर्दीसाठी गेलात तर सहा तास बसाल, कारण तिथे नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही.

पायरी ७: कागद आणि दुसरं मत

स्पेशालिस्ट आपला अहवाल हाउसआर्ट्स्टला पाठवतो. त्याची प्रत स्वतःसाठीही मागा. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल दिला की पेशंटला आपल्या नोंदींची पहिली प्रत फुकट मिळायला हवी. २०२५ पासून सार्वजनिक विमाधारकांची इलेक्ट्रॉनिक फाइलही आपोआप उघडली जाते. विम्याच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करून ती पाहा.

ऑपरेशन सुचवलं तर घाई नको. गुडघा बदलणं, गर्भाशय काढणं, मणक्याची शस्त्रक्रिया अशा काही नियोजित ऑपरेशनांसाठी दुसरं मत घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. डॉक्टरने तो किमान दहा दिवस आधी सांगायचा असतो आणि खर्च विमा देतो.

मग भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरांचं काय? त्यांच्याशी जरूर बोला, मराठीतून समजून घेतल्याने अर्धी भीती जाते. पण त्यांची चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही, आणि भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना देशाबाहेरच्या सल्ल्यासाठी नाहीत. आईने प्रेमाने कुरिअर केलेल्या गोळ्या तर कस्टममध्येच अडकतात: युरोपबाहेरून खासगी व्यक्तीला टपालाने औषधं मागवायला मनाई आहे. स्वतःच्या सामानातून मात्र साधारण तीन महिने पुरतील एवढी, स्वतःच्या वापराची औषधं आणता येतात.

आई-बाबा येणार असतील तेव्हा

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, पण जुना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार त्यात बहुधा धरलेला नसतो. पॉलिसीतला तो परिच्छेद विकत घेण्याआधी वाचा. त्यांची नेहमीची औषधं मुक्काम अधिक दोन आठवडे पुरतील इतकी आणि घटकनावांच्या यादीसकट आणायला सांगा, कारण इथे चिठ्ठीशिवाय बीपीची गोळी मिळत नाही. त्यांना दाखवायची वेळ आली तर ते "झेल्ब्स्टत्सालर", म्हणजे स्वतः पैसे भरणारे पेशंट ठरतात. फोनवर हाच शब्द वापरा, तारीख बऱ्याचदा त्याच आठवड्यातली मिळते. बिल खासगी पेशंटांच्या दरपत्रकाप्रमाणे येतं, म्हणून अंदाजे रक्कम आधी विचारा, बिलावर आजाराचं नाव लिहून घ्या आणि भारतातल्या विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवा.