अमेरिकेतून इटली-स्पेनले बिझनेस क्लासनं, तेही परवडन असं

आपल्या यवतमाळ-दारव्ह्याकडचे कितीतरी पोट्टे न्यू जर्सी, बोस्टनले आहेत, मायबाप तिकडे गेले का त्यायले रोम, लिस्बनही दाखवावं वाटते अन् गुडघे दुखणाऱ्या माणसाले रात्रभर आडवं होता आलं पाहिजे, म्हणून बिझनेस क्लास.

पहिले गूगल फ्लाइट्सवर बिझनेस निवडून कॅलेंडर उघडा. जून ते ऑगस्ट सोडा, नोव्हेंबर ते मार्चचे भाव पाहा. एकाच शहराले धरून नका बसू, न्यू जर्सीतल्या नेवार्कहून इटलीतल्या मिलानले ला कॉम्पानी नावाची एअरलाइन जाते, तिच्यात सगळ्या सीटा बिझनेसच्याच, अन् टॅप पोर्तुगाल या एअरलाइननं गेलं तं लिस्बनले मधात थांबता येते. पण लिस्बन-रोमसारख्या छोट्या फ्लाइटात बिझनेस म्हणजे साधीच सीट, फक्त मधली रिकामी, तिथं जास्त पैसे कायले घालवता?

खरी बचत पॉइंटात आहे बाप्पा. चेस, अमेक्सच्या क्रेडिट कार्डावर खर्च केल्यावर भेटणारे पॉइंट आयबेरिया या स्पेनच्या एअरलाइनच्या एविओसमध्ये (तिचे पॉइंट, त्याच्यावर तिकीट भेटते) टाकता येतात, बोस्टन-न्यूयॉर्कहून माद्रिदले ऑफ-पीक म्हणजे कमी गर्दीच्या दिवशी एविओस कमी लागतात. सीट दिसली तरच पॉइंट हलवा, एकदा गेले का वापस येत नाहीत. टॅक्स वेगळा भरा लागते.

तिकीट एअरलाइनच्याच साइटवरून काढा. निघायले ७ दिवस तरी बाकी असले तं अमेरिकेच्या नियमानं कंपनी २४ तास भाव धरून ठेवते नाहीतं त्या २४ तासांत कॅन्सल केल्यावर पूर्ण पैसे वापस देते.

अन् मायबापाचा शेंगेन व्हिसा (इटली, स्पेन, पोर्तुगालले चालणारा) इंडियातूनच काढून घ्या, अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे वापस आत जाता येणारा, आहे का तेही पाहा.