घराच्या परसात कोंबड्या: पालिकेचे नियम आणि शेजाऱ्याची झोप

अंगणात चार कोंबड्या असाव्यात, सकाळी खुराड्यात हात घातला की कोमट अंडं हाती लागावं, असं पुष्कळांना वाटतं. वाडीवस्तीवर त्याला कुणाची आडकाठी नसते. घर शहरात किंवा तालुक्याच्या गावात असेल तर मात्र कोंबड्या आणण्याआधी दोघांना विचारावं लागतं, एक पालिकेला आणि दुसरं शेजाऱ्याला. आमचं गाव नगरपरिषदेचं. घरामागे पाच कोंबड्या आहेत. पालिकेत मी आधी जाऊन आले होते, शेजाऱ्यांना विचारायचं राहून गेलं, आणि सगळा त्रास त्यातूनच झाला.

आधी हद्द कुणाची ते बघा

घर कुणाच्या हद्दीत आहे त्यावर कायदा बदलतो. मुंबईला 1888 चा महानगरपालिका अधिनियम, राज्यातल्या इतर महापालिकांना 1949 चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना 1965 चा, ग्रामपंचायतींना 1958 चा. शिवाय त्या त्या ठिकाणचे उपविधी असतात ते वेगळे. किती कोंबड्या चालतील याचा आकडा या कायद्यांत शोधत बसू नका. त्यांचा रोख वेगळ्या गोष्टीवर असतो: पाळलेल्या जनावराचा दुसऱ्याला उपद्रव होता कामा नये. पाच कोंबड्यांनी घाण केली तर पाचही जास्त होतात.

पालिकेत आरोग्य किंवा स्वच्छता विभागात जा, ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. तिथे ‘पोल्ट्री’ हा शब्द काढू नका. तो ऐकला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे हजार पक्ष्यांची शेड येते. ‘घरच्या अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या, विक्री करणार नाही’ असं साध्या कागदावर लिहून द्या, खुराडं कुठे बसवणार त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ‘पाळा हो, कोण विचारतंय’ या तोंडी उत्तरावर विसंबू नका. ते सांगणारा माणूस बदलून जातो, पोच आपल्याकडे राहते. उपविधीची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं.

सोसायटीतलं रो-हाउस असेल तर सोसायटीचे उपविधी वाचा, समितीला पत्र द्या. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. फ्लॅटच्या गॅलरीत पाळू नका, असं मी स्पष्टच सांगते. कोंबडीला माती उकरायला लागते, धुळीत अंग घोळायला लागतं. फरशीवर तिचे हाल होतात आणि खालच्या मजल्यावरच्यांचेही.

कोंबडा नको

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग वयात आली की कोंबड्याशिवायही अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. हे माहीत असूनही मी फसले. आठ आठवड्यांच्या सहा तलंगा म्हणून आणल्या, त्यांतल्या एकीचा तुरा लालभडक होत गेला, शेपटीची पिसं लांब वळली आणि एके पहाटे तिने बांग दिली.

शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. आठ दिवस ते काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी कुंपणाशी आले. डोळे तांबारलेले होते. म्हणाले, “ताई, कोंबड्यांचं काही नाही. तेवढा कोंबडा बघा. रोज चारला जाग येते, मग झोप लागत नाही.” मला फार वाईट वाटलं. त्या रात्री कोंबडा डालग्याखाली ठेवला, वर गोणपाट टाकलं. चारला तो आरवलाच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. आरवायचंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच दाखवलं: सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी आरवतात. तेव्हा झाकाझाकीचा उपाय सोडून द्या. आमचा कोंबडा चौथ्या दिवशी मावशीच्या मळ्यावर गेला.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा 45 डेसिबल आहे. कोंबड्याची बांग नेमकी या वेळेत आणि या मर्यादेच्या कितीतरी वर असते. तक्रार झाली तर आपली बाजू लंगडीच.

एकदिवशीय पिल्लांत नर-मादी ओळखणं आपल्यासारख्याचं काम नाही. थोड्या मोठ्या तलंगा घ्या आणि ‘नर निघाला तर परत घ्याल ना?’ हे आधीच ठरवा. परसासाठी गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या जाती काटक आहेत. पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे चौकशी करता येते.

खुराडं

दर कोंबडीमागे आत 3 ते 4 चौरस फूट, बाहेरच्या जाळीबंद जागेत 8 ते 10 चौरस फूट धरा. सहा कोंबड्यांना अंड्यांसाठी दोन खोकी पुरतात. बसायला आडवा बांबू हवा. जाळी बारीक भोकांची घ्या आणि वीतभर जमिनीत गाडा, कारण मुंगूस खालून येतं आणि घार वरून. खुराडं शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ नको, मग आपल्याला दोन पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल. कोंबड्या मोकळ्या सोडून ‘संध्याकाळी येतात आपोआप’ म्हणू नका. दुसऱ्याच्या वाफ्यातली कोथिंबीर त्या पाच मिनिटांत उकरतात.

वास

एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम विष्ठा टाकते. कोरडी विष्ठा फारशी वास मारत नाही. ओली झाली की अमोनिया सुटतो आणि माश्या बसतात. म्हणून सगळी लढाई ओलाव्याशी आहे. खाली तीन-चार बोटं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा, दोन दिवसांआड खालीवर करा, ओलं झालेलं तेवढं लगेच काढा, वर चिमूटभर चुना भुरभुरवा. मूठभर भुसा दाबून बघा: गोळा झाला तर ओल जास्त आहे, हात उघडताच विस्कटला तर ठीक. पावसाळ्यात पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडलवंड कमी होते. काढलेलं खत ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवा.

दर कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य पुरतं. उरलेलं रात्री उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि सापाची भीती वाटून शेजारी बोलले तर त्यांची काय चूक?

रोग

मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका रात्रीत खुराडं रिकामं करतो. त्याची आणि देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि पातळ केल्यावर लगेच वापरावी लागते, त्यामुळे आसपास कोंबड्या पाळणाऱ्यांनी एकच दिवस ठरवलेला बरा.

बर्ड फ्लूचा भारतातला पहिला उद्रेक 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीच्या ठरलेल्या परिघातल्या कोंबड्या नष्ट करतात, त्यांत परसातल्याही येतात. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवणं धोक्याचं आहे, आपल्या घरच्यांनाही.

तक्रार आलीच तर

शेजारी बोलला की त्याच दिवशी जाऊन बघा: वास कुठून येतोय, आवाज कुठल्या खोलीत जातोय. पालिकेची नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, खुराड्याचे फोटो आणि पहिल्या अर्जाची पोच जोडा, आणि निरीक्षकांना येऊन पाहायला सांगा. प्रकरण विकोपाला गेलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. तिथपर्यंत जाण्याआधी कोंबड्यांची संख्या कमी करणं किंवा खुराडं दुसऱ्या कोपऱ्यात हलवणं सोपं पडतं.

गुरुजींना आता दर रविवारी चार अंडी जातात. आम्ही गावाला गेलो की किल्ली त्यांच्याकडे असते, आणि सांजेला कोंबड्या मोजून खुराड्याची कडी तेच लावतात.