मुलासोबत कच्च्या वाटेवर मुक्काम : निघण्यापूर्वीची तयारी

कोल्हापुरातून राधानगरी किंवा गगनबावड्याच्या बाजूला एकच गाडी, एकच मोठे माणूस आणि दहा-बारा वर्षांचे मूल असे मुक्कामाला जायचे असेल, तर तयारीची यादी वस्तूंपासून सुरू करू नये. मोठ्या माणसाचा पाय मोडला किंवा त्याला साप चावला, तर पुढचा अर्धा तास मूल काय करील, या प्रश्नापासून ती सुरू करावी. म्हणजे काय न्यायचे आणि काय घरी ठेवायचे, हे बरेचसे आपोआप ठरते.

सर्वांत आधी जागा ठरवावी. राधानगरी अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, तेव्हा अभयारण्याच्या हद्दीबाहेर एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीच्या रानात, त्याला आधी भेटून आणि त्याच्या संमतीने, वस्ती हाकेच्या अंतरावर राहील असा मुक्काम निवडावा. ओढ्याच्या पात्रात आणि गव्यांच्या पाणवठ्याच्या वाटेवर तंबू लावू नये. पावसाळा सरळ वगळावा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मात्र रात्री थंडी असते, म्हणून मुलासाठी जाड पांघरूण, कानटोपी आणि मोज्यांचा जादा जोड घ्यावा.

गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवावी, म्हणजे एखादा भाग बदलावा लागला तर वेळ हाताशी राहतो. ब्रेक, कूलंट, बॅटरी, गाडीखालच्या सांध्यांवरची रबरी आवरणे आणि स्टेपनीतली हवा त्याच्यासमोरच तपासून घ्यावी. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा लो गिअर प्रत्यक्ष टाकून पाहावा, कारण उतारावर वेग ब्रेकपेक्षा त्या गिअरनेच अधिक चांगला आवरतो. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा नेहमीच्या बत्तीस-तेहेतीसवरून बावीस-चोवीस पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते; परंतु डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते, म्हणून छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज बरोबर हवा. गेज वाचण्याचे काम मुलाकडे द्यावे. जॅकसोबत एक जाड फळी न्यावी, नाहीतर मऊ मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली रुततो.

फावडे, टोचनाचा मजबूत पट्टा आणि तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या (शॅकल) पुरेत. पट्टा गाडीच्या टो हुकालाच लावावा, ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला कदापि लावू नये, कारण तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो. आणि गाडी ओढली जात असताना मुलाने पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे राहावे. हायलिफ्ट, म्हणजे गाडी खूप उंच उचलणारा लांब दांड्याचा जॅक मी यादीतून काढून टाकीन, कारण एकट्या माणसाच्या हातात तो घसरला तर मदतीला धावणारे मूलच त्याच्या तडाख्यात सापडते. हौशी मंडळी टपावरच्या दिव्यांच्या पट्टीवर जितका खर्च करतात, त्यातला थोडासा प्रथमोपचाराच्या पेटीवर केला तरी बरे होईल.

सापाची तयारी पेटीपेक्षा माहितीची आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरचे औषध रुग्णालयातच मिळते. म्हणून मुक्कामापासून सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते आहे का, हे आधी विचारून ठेवावे, आणि कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ताही कागदावर लिहून ठेवावा. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करायचे नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, हे मुलालाही सांगावे. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना बूट आणि टॉर्च, दोन्ही हवेत. बूट घालण्यापूर्वी झटकावेत.

यानंतरचा भाग घरीच, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी करावा. मुलाला गाडीत बसवून इंजिन बंद करणे, हँडब्रेक ओढणे, चारही इंडिकेटर लावणे आणि ११२ वर फोन करून गावाचे नाव व खूण सांगणे, हे तोंडी नव्हे, हाताने करायला लावावे. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क उपलब्ध असल्यास ११२ लागू शकतो, हेही त्याला माहीत असावे. फोन अजिबात लागला नाही तर गाडी सोडून भटकायचे नाही, शिट्टीचे तीन आवाज थांबून थांबून देत राहायचे. ती शिट्टी त्याच्या गळ्यातच असावी. जाण्याची वाट, मुक्कामाच्या शेतकऱ्याचा क्रमांक आणि परतीची वेळ आजी-आजोबांकडे लिहून द्यावी, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्यांनी कोणाला कळवायचे, तेही त्याच कागदावर असावे.

जेवणाचा बडेजाव नको. दशम्या, खर्डा, उकडलेली अंडी आणि माणशी दिवसाला चार लिटर पाणी एवढ्यावर भागते. शेगडी तंबूबाहेरच पेटवावी, कारण बंद तंबूत साचणारा धूर आणि विषारी वायू झोपेतच जीव घेतो. वाट कच्ची असली तरी मूल मागच्या सीटवर पट्टा लावूनच बसेल, आणि रिकाम्या माळावरही स्टेअरिंग त्याच्या हाती दिले जाणार नाही, हे निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे. डिझेलची टाकी कोल्हापुरातच काठोकाठ भरावी आणि दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचता येईल अशा बेताने निघावे.