पुण्याच्या डांबरावर क्रॉस-कंट्री स्कीची तयारी

बर्फ मिळणार गुलमर्गला नाहीतर औलीला, तोही मोजके आठवडे. बाकी वर्षभर रोलर स्की, म्हणजे रस्त्यावर चालवायच्या चाकांच्या स्की. त्यामुळे बाहेरच्या देशात शर्यतीला उतरणाऱ्या मुलामुलींचं तंत्र घडतं आणि बिघडतंही इथल्या रस्त्यावरच.

बिघडवतं ते रॅचेट. क्लासिक (दोन्ही स्की समांतर ठेवून पाय पुढे-मागे टाकायची पद्धत) रोलर स्कीच्या एका चाकाला ते असतं आणि चाक मागे फिरू देत नाही. किक (पुढे सरकण्यासाठी पायानं दिलेला दाब) उशिरा मारा, वजन अर्धंच टाका, स्की धरतेच. बर्फावर मात्र स्कीचा मधला बाक पूर्ण दाबला गेला तरच त्याखालचं ग्रिप वॅक्स (बर्फ धरून ठेवणारं मेण) बर्फाला टेकतं. नाहीतर पाय सपकन मागे जातो. म्हणून आठवड्यातून एकदा हलक्या चढावर पोल (हातातल्या काठ्या) न घेता चला. मागून येणारा पाय दुसऱ्याच्या शेजारी आला की त्याच क्षणी दुसऱ्या पायानं खाली दाब द्यायचा. मागे ढकलायचं नाही, खाली.

बूट घालून उंची १७० सेंमी भरली, तर क्लासिकचा पोल शर्यतीत १४१ सेंमीपर्यंतच चालतो (उंचीच्या ८३ टक्के). डांबरासाठी त्याला कार्बाइडचं टोक हवं. जुनं टोक काढताना ते उकळत्या पाण्यात धरा, गोंद सुटतो. लायटर लावला तर कार्बनची नळी जळते. टोक बोथट झालं की पोल घसरतो, मग मूल नकळत पोल उभा रोवायला लागतं आणि खांदा धरतो. दोन-तीन सरावांनंतर डायमंड फाइल फिरवा; साध्या कानशीनं कार्बाइडला काही होत नाही.

चाकं २ नंबरची घ्या. १ नंबरची जास्त पळतात आणि या स्कीला ब्रेक नसतात! सिंहगडाचा घाट फक्त चढायचा, तोही आडवारी पहाटे. उतरायचं दुचाकीवर मागे बसून. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ पडून टोक रुततं. पावसात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे टाळा. घरी आल्यावर बेअरिंग कोरडी पुसा. खडीचा एक दाणा चाकाखाली अडकला तरी माणूस तोंडावर आपटतो, तेव्हा हेल्मेट आणि हातमोजे सपाट रस्त्यावरही हवेतच.