सेंट अँड्र्यूजला जाताय? रविवार गाठा

एडिनबरोला मुलांकडे गेलात आणि सेंट अँड्र्यूजचं गोल्फ मैदान बघायचं मनात असेल, तर रविवार गाठा. त्या दिवशी तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो (मोठी स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी). गावातली माणसं कुत्री घेऊन खुशाल हिरवळीवर फिरतात. तिकीट वगैरे काही नाही. अठराव्या होलच्या वाटेवरचा स्विल्कन पूल जेमतेम आपल्याकडच्या साकवाएवढा, पण फोटोसाठी लोक ताटकळतात! झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर आणि वाळूच्या खड्ड्यांत मात्र पाय ठेवू नका.

इतर दिवशी गेलात तर ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा रस्ता जपून ओलांडा. तो पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून (खेळायच्या हिरवळीच्या लांब पट्ट्यांमधून) आडवा जातो. ‘फोर!’ (म्हणजे ‘चेंडू येतोय, सांभाळा!’) अशी आरोळी आली की चेंडू कुठे दिसतोय हे शोधत बसायचं नाही, डोकं झाकून खाली वाकायचं.

गावात रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरून बस घ्या. आणि छत्रीऐवजी विंडचीटर न्या, समुद्रावरचा वारा छत्री उलटी करतो.