मॅन्युअल मोडमध्ये पांढरं करडं का दिसतं?

कॅमेऱ्याचा डायल 'एम'वर (मॅन्युअल) नेलात की आधी ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं, बंद करा. तो चालू राहिला तर तुम्ही शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते) बदलता आणि कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून फोटो होता तितकाच उजळ ठेवतो. इथेच बहुतेक जण गोंधळतात. मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते) ठरवा, आणि उरलेला हिशेब शटरवर सोडा.

मीटरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची) खूण शून्यावर आली म्हणजे एक्स्पोजर (फोटोला मिळालेला प्रकाश) बरोबर, असं मात्र नाही. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. म्हणून पांढरा शर्ट मळकट येतो आणि काळं कापड फिकट. फ्रेम पांढऱ्याने भरलेली असेल तर खूण +१ ते +१.५ वर न्या, काळ्याने भरलेली असेल तर −१ वर. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाची एक टिचकी म्हणजे १/३ स्टॉप. तीन टिचक्यांत, म्हणजे एका स्टॉपने, प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो.

एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) पाहा. उन्हात स्क्रीन हमखास फसवते. आलेख उजव्या कडेला आपटून कापला गेला असेल तर शटर १/१२५ सेकंदावरून १/१६० किंवा १/२०० करा. पूर्ण जळलेला पांढरा भाग रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत मिळत नाही.